बावखलावरची पिवळी टाचणी

कुणाचं लग्न पत्रिकेवर अडतं, कुणाचं मानपानावर. माझं उपग्रहावर अडलं. हे सांगितलं की ऑफिसातल्या पोरी खो खो हसतात आणि त्यांच्याबरोबर मीही हसून घेते. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी तिशीला टेकले होते आणि तो मुलगा मला आवडला होता, एवढी साधी गोष्ट होती.

परळच्या चाळीतली खोली सोडून आम्ही विरारला, बोळिंजला राहायला आलो त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. तळमजल्यावरचा वन बीएचके. बाबा एका खाजगी कंपनीत हेडक्लार्क होते. निवृत्त होताना हातात आलेलं सगळं त्यांनी या फ्लॅटमध्ये ओतलं. पाणी टँकरचं, लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं, आणि पावसाळ्यात भिंतींना हातभर ओल चढायची ती दिवाळी उलटली तरी उतरायची नाही. तरी बाबांचा तोरा काय विचारता! दारावरची पितळी पाटी ते दर रविवारी स्वतः चिंचेनं घासायचे. कुणी विचारलं, तर चार वर्षांची पाच करून सांगायचे, म्हणजे आपण कालपरवा आलेले उपरे वाटू नये. माझ्या बायोडेटात माझ्या शिक्षणाच्याही वर त्यांनी 'स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, विरार (प.)' अशी ओळ घातली होती. "लग्न माझं लावताय की फ्लॅटचं?" असं मी एकदा विचारलं. आईला हसू आलं, बाबांना नाही.

गंमत म्हणजे त्या ओळीनेच घोडं अडायचं. विरार ऐकलं की फोनवर मुलाकडच्या बाईचा आवाज उतरायचा. "अगंबाई, इतक्या लांब?" जसं काही मुलगी बघायला पासपोर्ट लागणार होता. घरी यायला कुणी तयार नसायचं, म्हणून मला दाखवण्याचे कार्यक्रम दादरला मामाकडे व्हायचे. मी साडी पिशवीत घालून घेऊन जायचे, मामीच्या आरशासमोर नेसायचे आणि मामीच्या कपबशांतून लोकांना चहा द्यायचे. दुसऱ्याच्या घरात उसनी बसून मी दाखवली जाते, याची मला चीड यायची. बाबांना माझ्याहून जास्त यायची, कारण त्यांचा फ्लॅट कुणी बघतच नव्हतं.

हा मुलगा ठाण्याचा, कम्प्युटर इंजिनियर. वडील नव्हते, आईला घेऊन आला होता. पोहे बाहेर यायच्या आत त्याने पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप आणि इंटरनेटचं कार्ड काढलं.

"ऑफिसचं काम बरोबर आणलंत की काय?" मामाने विचारलं.

"नाही हो. एक गंमत दाखवतो," तो म्हणाला, आणि आकाशातून काढलेला दादरचा फोटो चौकोन चौकोन करत पडद्यावर भरत गेला.

आज शाळेतली पोरंही रिक्षावाल्याला फोनवरचा नकाशा दाखवतात. तेव्हा आमच्यापैकी कुणीही असलं काही पाहिलं नव्हतं. मामाने आधी स्वतःची बिल्डिंग शोधायला लावली, मग कोकणातलं गाव, मग गावातली नदी. पोहे गार झाले. मुलाने मग आपला खास नकाशा काढला. मुंबईभर जिथे जिथे त्याने मिसळ खाल्ली होती तिथे तिथे त्याने टाचणी टोचली होती. टाचणीवर बोट नेलं की शेरा उघडायचा: 'रस्सा झणझणीत, पाव शिळा.' त्याची साइट होती म्हणे, अनोळखी माणसंही तिच्यावर आपापल्या टाचण्या लावत होती.

"विरारला एकही टाचणी नाही?" मी मध्येच बोलले. मामीने मागून चिमटा काढला.

"विरारला कधी आलोच नाही," तो म्हणाला.

"मग या एकदा."

त्याचे कान लाल झाले. तो हसला, आणि मला वाटलं, हा चालेल. चालेल कसला, हाच हवा. इतक्या मुलांपुढे चहाचा ट्रे धरून उभी राहिले होते. असं एकदाही वाटलं नव्हतं.

"अरे, तो दुसरा नकाशाही दाखव की," त्याची आई कौतुकाने म्हणाली. "मुलींचा."

त्याने तो दाखवला. अगदी सहज. सांगून आलेल्या सगळ्या मुली त्याने नकाशावर मांडल्या होत्या. होकार देण्यासारखी ती हिरवी, विचार चालू असलेली ती पिवळी, नको ती लाल. प्रत्येक टाचणीपासून ठाण्यातल्या त्यांच्या घरापर्यंत एक रेघ आणि रेघेवर प्रवासाचा वेळ. "पाडव्याला सासुरवाडीला जायला किती वेळ लागेल ते लगेच कळतं," तो म्हणाला. मामा मांडीवर थाप मारून हसला. मी डोंबिवलीतल्या एका लाल टाचणीकडे बघत होते. तिच्या शेऱ्यात एकच शब्द होता, 'उंची'. ती कुठल्यातरी ऑफिसात बसून डबा खात असेल, आणि आपण लाल आहोत हे तिला माहीतही नसेल. खरं तर तिथेच उठून आत जायला हवं होतं. पण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमची टाचणी मुद्दाम लावली नाही. म्हटलं, तुमच्यासमोरच लावू." आणि मला चक्क बरं वाटलं.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा फ्लॅट बघायला मागत होतं.

"हे विरार स्टेशन ना? हां. आता पश्चिमेला चला. हा आमचा रस्ता. सरळ, सरळ... आता वळा. थांबा. इथे!" त्यांनी पोह्यांचं तेलकट बोट पडद्यावर टेकवलं. "ही आमची बिल्डिंग."

मुलाने फोटो मोठा केला. बोटाखाली काळपट हिरवं पाणी होतं. कडेला माडांच्या शेंड्या आणि मधोमध तळं.

"मग जरा इकडे असेल," बाबा म्हणाले. इकडे भातखाचरं होती. बांध स्पष्ट दिसत होते. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा स्टेशनपासून सुरुवात केली, पुन्हा तेच वळण घेतलं आणि पुन्हा तळ्यात आले. मी मामीच्या दाराला टेकून उभी होते. रोज ज्या घरात आपण झोपतो ते घर माझ्या बापाला सापडत नव्हतं.

"फोटो जुना असेल," मामाने सावरून घेतलं.

"हो, दोन-तीन वर्षांपूर्वीचा असू शकतो," मुलगा म्हणाला.

"तुम्हाला तिथे किती वर्षं झाली म्हणालात?" त्याच्या आईने विचारलं.

"पाच," बाबा सवयीने म्हणाले.

बाईंनी फक्त मान हलवली. वजाबाकी तिथे बसलेल्या सगळ्यांनाच येत होती. मुलाने तळ्याच्या मधोमध एक टाचणी टोचली. "सध्या पिवळी ठेवतो," तो मला म्हणाला, आणि खरं सांगते, अगदी प्रेमाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा तिसऱ्या मजल्यावर आमच्या सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. मीही मागोमाग जिना चढले. चेअरमन मूळचे बोळिंज गावातलेच. ही जमीन त्यांचीच होती. बाबांनी विचारलं, इथे पूर्वी तळं होतं का?

"तळं नाय हो, बावखल," ते हसत म्हणाले. बावखल म्हणजे वाडीला शिंपायला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. वसईकडे जुन्या वाड्यांतून असायची. "बारा मयने पानी असायचं. आम्ही पोरं त्यातच पोहायला शिकलो. मग बिल्डरला दिलं, त्यानं भराव टाकला. आमाला हे दोन फ्लॅट भेटले."

"मग तुम्ही तळमजला का नाही घेतला?"

"पान्यावर कोन राहील, साहेब?"

बाबा उठले. खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी मला बजावलं, "आईला यातलं काही सांगू नकोस." भिंतींना ओल कुठून येते हे त्या दिवशी आम्हाला दोघांना कळलं, आणि आम्ही ते गिळून टाकलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. फसवलं होतं बिल्डरने, आणि चोरासारखे जिना उतरत होतो आम्ही.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. मुलाच्या आईला एक शंका होती. बिल्डिंग अनधिकृत तर नाही ना? विरारकडच्या अनधिकृत बिल्डिंगांच्या बातम्या तेव्हा पेपरात सारख्या यायच्या, त्यामुळे शंका अगदीच हवेतली नव्हती. उद्या बिल्डिंग पाडली तर मुलीचे आईबाप आपल्या मुलाच्या गळ्यात पडायचे, असा त्यांचा हिशोब. बाबांनी आईच्या हातातून रिसीव्हर घेतला. "त्यांना म्हणावं, या. जेवायलाच या. भिंतीला हात लावून बघा."

तासाभराने मामाने निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, यायची काय गरज? मुलाने सगळं वरून बघितलंय.

मुलाची मात्र मला वेगळी ईमेल आली. 'तुम्ही मला आवडलात. आईला घराबद्दल शंका आहे, ती मी पुराव्याशिवाय दूर करू शकत नाही. उपग्रहाचे नवीन फोटो येतच असतात. नवीन फोटोत तुमची बिल्डिंग दिसली की लगेच आईला दाखवतो. तोपर्यंत पिवळीच ठेवतो.'

ठाण्याहून विरारला यायला असं काय लागतं? एक रविवार. तेवढा त्याला काढायचा नव्हता. त्याच्याऐवजी अंतराळातून यंत्राने यावं, आमच्या गच्चीचा फोटो काढावा, आणि मग माझं लग्न ठरावं! मी चिडून चार ओळी टाइप केल्या, खोडल्या. मग उत्तर लिहिलं: 'बरं.' कारण तो मला हवा होता.

मी वाट बघायला लागले. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कम्प्युटरवर नकाशा उघडायचा, विरार, बोळिंज, मोठं करायचं. पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. घरी खिडकीतून बघावं तर चारी बाजूंना नव्या बिल्डिंगांचे पिलर उठत होते, सिमेंट घुसळणारी यंत्रं दिवसभर घरघरत होती. आणि पडद्यावर तीच भातखाचरं, तेच माड, तेच आमच्या छाताडावरचं तळं. कधी मनात यायचं, तेच बरं होतं. निदान कुणी त्याला अधिकृत आहेस का असं विचारत नव्हतं.

मधूनमधून त्याच्या ईमेल यायच्या. एकदा मी त्याला अर्नाळ्याबद्दल लिहिलं: रविवारी आम्ही मासळी आणायला जातो, किनाऱ्यावर काठ्यांना बोंबील वाळत घातलेले असतात, समोर पाण्यात किल्ला. वसईजवळच्या पापडी गावातल्या वाडीतल्या केळ्यांबद्दलही लिहिलं. मनात होतं, हे वाचून तरी येईल. त्याने दोन्ही ठिकाणी टाचण्या लावल्या. शेरे माझेच होते, शब्दाला शब्द. न येता, न खाता, न वास घेता त्याने अख्खा वसई-विरार पट्टा माझ्याकडून भरून घेतला, आणि 'थँक्स' म्हणाला.

इकडे बाबांनी निराळंच आरंभलं. कुणी तरी त्यांना सांगितलं की असा एक नकाशा आहे ज्यावर कुणीही चौकोन आखून जागेचं नाव लिहू शकतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ते मला घेऊन गेले आणि शेजारी उभे राहून त्यांनी माझ्याकडून तळ्यावर बरोबर चौकोन आखून घेतला. त्यात सोसायटीचं नाव. खाली, 'अधिकृत निवासी इमारत.' आठवडाभराने कुणीतरी त्याच चौकोनाखाली लिहिलं, 'येथे बावखल होते, बुजवले.' बाबांनी ते पुसायला लावलं. ते पुन्हा आलं. बाबा मग स्वतःच माउस धरायला शिकले आणि वीज असेल त्या वेळी कॅफेत जाऊन बसायला लागले. न पाहिलेल्या त्या माणसाशी त्यांचं भांडण महिनोन्‌महिने चाललं. आईने एकदा सुचवलं, अजून एक-दोन मुलं बघून ठेवू या. बाबा म्हणाले, "आधी हे मिटू दे."

'हे' म्हणजे काय, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. माझं लग्न असेल असं मी धरून चालले.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी मी डबा उघडण्याआधी नकाशा उघडला आणि तळं नव्हतं. करडा स्लॅब होता. गच्चीवरच्या टाक्या होत्या. गेटसमोर उभा असलेला टँकरसुद्धा दिसत होता. मी डोळे पुसत त्याला एका शब्दाची ईमेल केली: 'आलं.' त्याचं उत्तर लगेच आलं. त्यानेही पाहिलं होतं, आईला आजच दाखवणार होता.

संध्याकाळी मामाचा फोन. मुलाच्या आईची आता काही हरकत नव्हती. मुहूर्त काढायला सांगितलं होतं. बाबा तसेच चपला घालून बाहेर गेले, पेढे घेऊन आले आणि प्रत्येक मजल्यावर वाटून आले, चेअरमनसकट. आईने देवापुढे साखर ठेवली. मला आनंद झाला होता. झाला नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. पण वर्षभर पोटात साठलेलं काहीतरी होतं, ते त्या पेढ्याबरोबर खाली उतरेना.

"माझं एकच म्हणणं आहे," मी बाबांना म्हटलं. "त्यांनी एकदा आपल्या घरी यावं. आपल्या कपातून चहा घ्यावा. मग हो म्हणा."

बाबांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मामाला तसं कळवलं. निरोप आला: आता कशाला यायचं? आता तर स्पष्ट दिसतंय.

मी खाली जाऊन पीसीओवरून त्याला फोन लावला. आपणहून पहिल्यांदाच. म्हटलं, "आईंना नका आणू. तुम्ही एकटे या. अर्धा तास बसा आणि जा."

तो गोंधळला. मग, मला खूश करावं म्हणून, म्हणाला, "अहो, पण तुमची टाचणी मी आजच हिरवी केली."

त्याच्या आवाजात खोट नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मी फोन ठेवला, घरी आले आणि सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. ते सांगतानाही मला तो हवाच होता. आज इतक्या वर्षांनी ते लिहायला काही वाटत नाही. त्या दिवशी ते मी कुणालाच सांगितलं नाही.

आई रडली. बाबांचा आधी विश्वासच बसला नाही. "आता काय कमी पडलं? घर मान्य झालं ना त्यांना?"

"घर झालं," मी म्हटलं. "त्या घरात मी राहते, बाबा. मला बघायला एकदा यावंसं नाही वाटलं त्यांना."

ते त्यांच्या कानात शिरलं की नाही कोण जाणे. ते येरझाऱ्या घालत राहिले. मग माझ्यासमोर उभे राहिले आणि जवळजवळ हात जोडून म्हणाले, "असं नको करूस. आता आपण नाही म्हणालो तर ते काय म्हणतील? म्हणतील, बिल्डिंगमध्येच काहीतरी होतं."

मी वर्षभर ज्याची वाट बघत होते ते आणि बाबा ज्याची वाट बघत होते ते एक नव्हतं, हे मला त्या वाक्याने कळलं. मी म्हटलं, "म्हणू देत."

मामाने नकार कळवला आणि दोन दिवसांनी फोन केला. मी शेजारीच उभी होते, मामाचा आवाज रिसीव्हरबाहेर येत होता. मुलाची आई म्हणाली होती, बरं झालं सुटलो. आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच. घरात काहीतरी लपवण्यासारखं असणार, नाहीतर मुलीकडचे कशाला नाही म्हणतील?

बाबांनी रिसीव्हर ठेवला. "ऐकलंस?" एवढंच माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आई त्यांना समजवत राहिली, मी माझं ताट घेऊन एकटीच बसले. त्यानंतर बाबांनी माझ्यासाठी मुलगा बघितला नाही, आणि मीही त्यांना बघा म्हटलं नाही.